आद्य, मूळ व अस्सल

माणसाला पहिलेपणाचा सोस किती असावा याला काही सुमार नाही. वर्गात पहिला, रांगेत पहिला, पंगतीत पहिला, इथवर मी समजू शकतो. पंगतीत पहिलं बसण्यात तर निव्वळ शहाणपण आहे. शेवटच्या पंगतीपर्यंत मठ्ठ्याचं ताक झालेलं असतं आणि जिलबीचा नुसता वास उरलेला असतो. पण एक अख्खं शहर पहिलेपणावर पोट भरतं, हे मी सांतो दोमिंगोला जाऊन पाहिलं.

सांतो दोमिंगो म्हणजे कॅरिबियन बेटांतल्या डोमिनिकन प्रजासत्ताकाची राजधानी. आमच्या न्यू जर्सीतल्या भाच्याला स्वस्तात तिकिटं मिळाली आणि "मामा, मस्त बीच आहेत," असं म्हणत त्यानं आम्हां उभयतांना विमानात कोंबलं. मी म्हटलं, "अरे, समुद्र मी दादरला पाहिलाय." पण आमची ही म्हणाली, "तिथं देवळं असतील ना? मग चला." हिच्या मते नमस्कार कुठल्याही देवाला केला तरी वाया जात नाही. देव आपापसांत वाटून घेतात. तेव्हा भाचा समुद्राकडे गेला आणि आम्ही दोघं वीस-बावीस जणांच्या तांड्याबरोबर जुन्या शहरातली चर्चेस पाहायला निघालो.

शहर सुरेख आहे, यात वाद नाही. कोलंबसाच्या भावानं १४९० च्या दशकात ते ओझामा नदीच्या पूर्वेला वसवलं. वादळानं मोडलं, तेव्हा १५०२ साली निकोलास दे ओवांदो या गव्हर्नरानं ते उचलून पश्चिमेच्या काठावर आणलं. सरळ रेघेतल्या गल्ल्या, पोवळ्याच्या पिवळट दगडाच्या भिंती, चालत चालत अर्ध्या दिवसात पाहून होईल एवढा पसारा. १९९० साली युनेस्कोनं या जुन्या भागाला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. तेही योग्यच झालं.

अडचण आहे ती पाट्यांची. अमेरिका खंडातलं पहिलं कॅथेड्रल, पहिलं इस्पितळ, पहिला मठ, पहिलं विद्यापीठ, पहिला फरसबंद रस्ता! आमच्या गाइडनं तोंड उघडलं की 'पहिलं' बाहेर पडायचं. मी बोटांवर मोजायला सुरुवात केली. माझी बोटं संपल्यावर हिची उसनी घेतली. तीही संपली तेव्हा आम्ही अजून दुसऱ्याच चौकात होतो.

आता 'आद्य', 'मूळ' आणि 'अस्सल' या तीन शब्दांशी आपला मराठी माणसांचा जुना परिचय आहे. चिवड्याच्या, पेढ्याच्या, चिक्कीच्या दुकानावर 'हेच मूळ दुकान, आमची कोठेही शाखा नाही' अशी पाटी दिसली, की रस्त्याच्या पलीकडे तस्सेच दुसरे मूळ दुकान असणार हे आपण न बघता सांगतो. सांतो दोमिंगोचंही तेच. तिथल्या विद्यापीठाला १५३८ साली पोपची सनद मिळाली, म्हणून ते पहिलं. तर पेरू देशातलं लिमा म्हणतं, आमच्याकडे १५५१ सालचा खुद्द स्पेनच्या राजाचा हुकूम आहे, तुमच्याकडे काय आहे? एकाकडे पोपचा शिक्का, दुसऱ्याकडे राजाचा. भाऊबंदकी म्हटली की कागदपत्रं आलीच.

पण यावर कडी म्हणजे कोलंबसाची हाडं. हा गृहस्थ १५०६ साली स्पेनमध्ये वारला. तिथून त्याच्या अस्थी सेव्हिलला गेल्या, मग काही दशकांनी समुद्र ओलांडून सांतो दोमिंगोच्या कॅथेड्रलमध्ये आल्या. १७९५ साली बेटाचा हा भाग फ्रान्सकडे गेला, तेव्हा स्पॅनिश मंडळींनी त्या उचलून हवानाला नेल्या, आणि १८९८ साली क्यूबाही हातचं गेल्यावर पुन्हा सेव्हिलला. जिवंतपणी माणसानं चार सफरी केल्या, पण मेल्यावरही त्याचं बोचकं कोणी खाली ठेवू दिलं नाही. मधेच १८७७ साली सांतो दोमिंगोच्या कॅथेड्रलमध्ये कोलंबसाचं नाव असलेली शिशाची पेटी सापडली. म्हणजे हवानाला गेला तो कोण? सेव्हिलनं आपल्याकडच्या हाडांची तपासणी करून घेतली. त्यांच्याकडे आहेत जेमतेम दीडशे ग्रॅम. २००६ साली आणि पुन्हा २०२४ साली तिथल्या शास्त्रज्ञांनी ती कोलंबसाचीच असल्याचं जाहीर केलं. सांतो दोमिंगोवाले आपली पेटी तपासायला देत नाहीत. मूळ दुकानदार कधी पेढ्याचा मसाला सांगतो का?

ही पेटी १९९२ साली कॅथेड्रलमधून हलवून 'कोलंबसाचा दीपस्तंभ' नावाच्या आडव्या पसरलेल्या क्रूसाच्या आकाराच्या प्रचंड इमारतीत ठेवली. त्यासाठी आजूबाजूच्या वस्तीतून हजारो गोरगरिबांना उठवलं. उरलेल्या झोपड्या पाहुण्यांच्या नजरेला पडू नयेत म्हणून मधे भिंत घातली. दिवे पेटले की आभाळात प्रकाशाचा क्रूस उमटायचा, आणि खाली वस्तीत वीज गेलेली असायची. तिथले जुने लोक कोलंबसाचं नावसुद्धा घेत नाहीत म्हणे, अपशकुन होतो. मला यात अंधश्रद्धा दिसली नाही, अनुभव दिसला.

इथवर सगळी मौज आहे. माझं भांडण याच्या पुढे सुरू होतं.

'नव्या जगातलं पहिलं' असं म्हणायचं म्हणजे काय? नवं कुणाला? त्या बेटावर ताइनो लोक कित्येक पिढ्या राहत होते. त्यांची गावं होती, शेती होती, देव होते. आपण ज्याला तंबाखू म्हणतो तो शब्दसुद्धा बहुतेक अभ्यासकांच्या मते त्यांच्याकडूनच स्पॅनिशात आला आणि पुढे पोर्तुगीजांच्या मार्फत आपल्या चंचीत येऊन पडला. म्हणजे ताइनोंचा शब्द आपण रोज चुना लावून मळतो, आणि त्यांच्या शहरात गेलो की 'पहिला माणूस इथे १४९२ साली उतरला' असं ऐकून माना डोलावतो.

पहिल्या इस्पितळाचंच घ्या. सान निकोलास दे बारी असं त्याचं नाव. आज छप्पर नाही, नुसत्या कमानी उरल्यात आणि त्यांत पारव्यांची वसाहत आहे. ते ओवांदो साहेबांनी १५०३ साली काढलं. गाइडनं ओवांदोच्या दयाळू अंतःकरणावर पाच मिनिटं खर्च केली. त्याच १५०३ साली याच ओवांदोनं खारागुआ नावाच्या प्रांतात ताइनो सरदारांना पाहुणचाराच्या मिषानं एका घरात जमवलं आणि घराला आग लावली, याला पाच सेकंदही मिळाले नाहीत. त्या प्रांताची राणी अनाकाओना. तिला त्यानंतर लवकरच फाशी दिली. कॅथेड्रलसमोरच्या चौकात कोलंबसाचा १८८७ सालचा पुतळा आहे. तो वर उभा राहून क्षितिजाकडे बोट दाखवतोय, आणि त्याच्या पायाशी चौथऱ्यावर एक उघडी ताइनो बाई चढून त्याची कीर्ती लिहितेय. ती अनाकाओना, असं सांगतात. फाशी दिलेल्या बाईकडून मानपत्र लिहून घेणं हा प्रकार मात्र त्या शहरात खरोखरच पहिला असावा!

मग कॅथेड्रल. इमारत देखणी. बाहेरून प्लास्टरच्या फुलापानांसारखी दगडी नक्षी, आत गॉथिक कमानींची गार सावली. आत जाताना गुडघे झाकावे लागतात, आणि तेही रास्तच आहे. १५८६ साली फ्रान्सिस ड्रेक या इंग्रज दर्यावर्दीनं शहर लुटलं, तेव्हा याच कॅथेड्रलमध्ये त्याच्या शिपायांचा मुक्काम होता. त्यांचे गुडघे कोणी पाहिले असतील असं वाटत नाही. शेवटी २५ हजार डुकाट मोजून घेऊन स्वारी गेली. हे सगळं गाइड रंगवून सांगतो. लुटलं गेल्याची आठवण शहराला लख्ख आहे.

पण हेही सांगा ना! कॅथेड्रलचा पहिला दगड १५१४ साली बसवला असं म्हणतात. त्याच १५१४ साली बेटावरच्या ताइनोंची मोजदाद झाली. ती कुणाला किती माणसं वाटून द्यायची यासाठी केलेली मोजदाद होती. माणसं भरली २५ हजारांच्या आसपास. कोलंबस आला तेव्हा किती होती यावर विद्वान भांडतात, पण याच्या कितीतरी पट होती यावर त्यांचं भांडण नाही. खाणीतली मजुरी, उपासमार आणि नंतर आलेली देवी यांनी पुढच्या काही वर्षांत उरलेल्यांतलेही बहुतेक संपवले. कॅथेड्रलचं खरं काम चाललं १५२१ पासून पुढे, १५४१ साली त्यावर अभिषेक झाला. त्या वीस वर्षांत भिंती वर येत होत्या आणि वस्ती खाली जात होती.

आणि पहिलेपणाच मोजायचा, तर हे घ्या. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांनी १५२१ च्या नाताळात याच बेटावर बंड केलं. ते अमेरिकेतलं नोंद असलेलं गुलामांचं पहिलं बंड. मळा कोणाचा? गव्हर्नर दिएगो कोलोन याचा, म्हणजे खुद्द कोलंबसाच्या चिरंजीवांचा. लगोलग जानेवारी १५२२ मध्ये त्यानं गुलामांना जखडणारे कायदे केले. माहीत असलेल्या अशा कायद्यांत तेही पहिलेच. हे दोन्ही 'पहिले' आमच्या फेरीत नव्हते. मी गाइडला विचारलं, तर तो म्हणाला, "ते चर्चच्या विषयात येत नाही." ड्रेक मात्र येतो!

तांड्यात आमचे एक निवृत्त इंजिनियर होते, नागपूरकडचे. त्यांनी मला बाजूला घेतलं. "अहो, कमान बघा. लोड कसा घेतलाय बघा. इतिहास काय उकरता सुट्टीत?" कमान मी पाहिली. कौतुकही केलं. डोमिनिकन मठाच्या चर्चमध्ये तर एका छपराखाली दगडात सूर्य आणि भोवती बारा राशी कोरल्या आहेत. ते पाहून हिला इतका आनंद झाला की तिनं आपली कन्या रास शोधून काढून तिच्याखाली उभी राहून फोटो काढून घेतला. "बघा, त्यांच्यातही पत्रिका बघतात!" सौंदर्याशी माझं काही वाकडं नाही. पण लोड कमानीनं कसा घेतला हे ज्याला विचारावंसं वाटतं, त्याला दगड वर कोणी चढवला हे विचारावंसं का वाटू नये? तोही लोडच होता.

उलट बाजूला आमचा भाचा. संध्याकाळी त्याला सगळं सांगितलं, तर तो म्हणाला, "मामा, एवढं रक्त सांडलंय तर बघायला जायचंच कशाला? बॉयकॉट करायचं." ही नव्या पिढीची सोय आहे. न बघता सुटका. इंजिनियर डोळे उघडे ठेवून कान बंद करतात, हा दोन्ही बंद करून स्वच्छ राहतो. मला दोन्ही पंथ मान्य नाहीत. ही चर्चेस बघितलीच पाहिजेत, आणि का बघितली पाहिजेत ते याच शहरानं सांगून ठेवलंय.

गोष्ट १५११ सालची. आजच्या कॅथेड्रलचा एक दगडही नव्हता. चर्च होतं लाकडाचं आणि गवताचं. डोमिनिकन पंथाचे मूठभर संन्यासी वर्षभरापूर्वी बेटावर आले होते. ताइनोंना कसं राबवलं जातंय हे त्यांनी पाहिलं, आणि डिसेंबरमधल्या एका रविवारी आंतोनियो दे मोंतेसिनोस याला प्रवचनाला उभं केलं. समोर शहरातली सगळी प्रतिष्ठित मंडळी, त्यात दिएगो कोलोन. ताइनो माणसं जहागिरीसारखी वाटून घेतलेले सगळे पहिल्या रांगेत. आणि यानं त्यांना तोंडावर विचारलं, की ही माणसं नाहीत का? यांना आत्मा नाही का? कोणत्या हक्कानं तुम्ही यांना राबवून मारता? वर सांगितलं, की तुम्ही सगळे महापापी आहात.

आपल्याकडे कीर्तनकारानं पुढच्या रांगेतल्या सावकाराला नाव घेऊन असं विचारलं, तर आरतीचं ताट पुढे सरकणार नाही हे तुम्ही-आम्ही जाणतो. तिथंही सरकलं नाही. मंडळी जेवणं टाकून मठावर चालून गेली. "पुढच्या रविवारी शब्द मागे घ्या." मठाचा प्रमुख पेद्रो दे कोर्दोबा म्हणाला, प्रवचन त्याच्या एकट्याचं नव्हे, आम्हां सगळ्यांचं आहे. पुढच्या रविवारी चर्च भरगच्च. मोंतेसिनोस उभा राहिला आणि मागच्या वेळेपेक्षा जास्त बोलला. पापाची कबुली द्यायला आलात तर आम्ही माफी देणार नाही, म्हणाला. तक्रार राजापर्यंत गेली. १५१२ साली बुर्गोसला कायदे झाले. कागदावर चांगले होते, पण माणसं वाटायची पद्धत त्यांनी तशीच ठेवली.

म्हणजे ते प्रवचन फुकट गेलं का? ते आपल्यापर्यंत आलं ते बार्तोलोमे दे लास कासास यानं लिहून ठेवलं म्हणून. हा लास कासास स्वतः ताइनो राबवणाऱ्यांपैकी. तीन वर्षांनी, १५१४ साली, त्यानं आपल्या वाट्याची माणसं सोडली आणि उरलेलं आयुष्य त्यांच्यासाठी भांडण्यात घालवलं. याच शहरात तो पुढे डोमिनिकन संन्यासी झाला. मधे त्यानं ताइनोंऐवजी आफ्रिकेतून गुलाम आणा असंही सुचवलं, आणि म्हातारपणी त्याच ग्रंथात त्याबद्दल स्वतःला दोष दिला. आपल्याच माणसांना, आपल्याच देवासमोर, आपल्याच चर्चमध्ये जाब विचारणं, हे त्या शहरातलं खरं मोलाचं पहिलेपण आहे. मला तिथे नमस्कार करावासा वाटला तो एवढ्यालाच.

आता या पहिलेपणाचं शहरानं काय केलं ते पाहा. लास कासासचा ग्रंथ छापला गेला १८७५ साली, तो मेल्यावर तीनशे वर्षांनी. हाडांची पेटी सापडली १८७७ साली. पुतळा झाला १८८७ साली, कोलंबसाचा. मोंतेसिनोसला १९८२ पर्यंत थांबावं लागलं, आणि तोही मेक्सिकोनं भेट दिला म्हणून. समुद्राच्या काठावर पन्नास फुटी धिप्पाड पुतळा आहे, तोंडाशी हात धरून ओरडतोय. चाळीच्या गॅलरीतून पोराला जेवायला हाक मारणारा बाप वाटतो. आमच्या गाइडनं तो चालत्या बसमधून दाखवला. "उजवीकडे एक पाद्री." बस थांबली ती दुकानांपाशी. तिथे दीड तास!

कोणी म्हणेल, परक्यांच्या चर्चवर तोंडसुख घेणं सोपं आहे, आपल्याकडे काय? प्रश्न बरोबर आहे. डोमिनिकन संन्यासी सांतो दोमिंगोला उतरले त्याच १५१० साली, २५ नोव्हेंबरला, संत कॅथरीनच्या दिवशी, आल्बुकर्कनं गोवा जिंकलं. जुन्या गोव्यातलं कॅथेड्रल तिच्याच नावाचं आहे. आपण तिथे जातो, केवढी घंटा, केवढा सोनेरी देव्हारा म्हणतो, आणि १५६० पासून १८१२ पर्यंत त्याच गावात इन्क्विझिशनची कचेरी होती हे विसरून काजू घेऊन परततो. आणि पोर्तुगीजांवरच थांबायचं कारण नाही. नाशिकला काळाराम मंदिराचा काळा दगड किती सुबक म्हणून आपण पाहुण्यांना दाखवतो. त्या दगडापर्यंत पोचण्यासाठी १९३० साली आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसांना सत्याग्रह करावा लागला, आणि दार तरीही उघडलं नाही, हे दाखवतो का? देवळाचा दगड पाहताना दाराबाहेर कोण होतं हे विचारायचं, हा नियम सांतो दोमिंगोला लावायचा आणि नाशिकला नाही, असं मी म्हणणार नाही. नियम एकच.

तेव्हा माझं मागणं साधं आहे. चर्चेस पाडू नका, पाट्याही काढू नका. फक्त प्रत्येक 'पहिलं' या शब्दाखाली आणखी एक ओळ घाला: कोणाच्या खर्चानं. आणि फेरीची सुरुवात कॅथेड्रलपासून न करता मोंतेसिनोसच्या पायापासून करा. त्याचं ऐकून मग कमानी पाहा. कमानी तेवढ्याच सुंदर दिसतील, माझी खात्री आहे. पाहणाराच जरा उंच होईल.

हे मागणं मराठी माणसाच्या तोंडून जड वाटू नये. आपल्याकडे देवळाच्या प्रत्येक पायरीवर, बाकावर, घड्याळावर, एवढंच काय पंख्याच्या पात्यावरसुद्धा देणगीदाराचं नाव असतं. अकरा रुपये दिलेल्यालाही आपण विसरत नाही. मग ज्यांनी अख्खं कॅथेड्रल दिलं, तेही न विचारता घेतलेलं, त्या देणगीदारांचं नाव कुठे आहे, एवढं विचारायला काय हरकत आहे?